पुनाचा ढोल

कानबाई देवीची मिरवणूक विसर्जनाला बोरी नदीकडे निघाली. मंदाबाई ढोलवाल्या पुनापुढे नाचू लागली, तशी तिची धाकटी जाऊ सुलक्षणा सगळ्या बायकांत मोठ्यानं बोलली. लोक म्हणतात, नाचता येईना अंगण वाकडं. आमच्या अक्काचं उलटंच, नाच झकास येतो, अंगण तेवढं झाडता येत नाही. बायका तोंडाला पदर लावून हसल्या.

मंदाबाईचा नवरा वना शेजारूनच चालला होता. तोही हसला. हसता हसता म्हणाला, उद्या धुळ्याच्या डॉक्टरकडे जायचं काही कारण नाही, आणि त्या गोळ्याही आता पुरे.

मंदाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सकाळी न्हाणीच्या उंबऱ्यात तिचे पाय चिकटले होते, ती भिंत धरून उभी होती, तेव्हा हाच माणूस 'ढोंग' म्हणून पाठ फिरवून गेला. डॉक्टरांनी त्याला समोर बसवून सांगितलं होतं. मेंदूतल्या काही पेशी डोपामिन नावाचं रसायन सोडतात, त्यातून पुढच्या पेशींना निरोप मिळतो, तेव्हा कुठे पाऊल उचलतं. हिच्या त्या पेशी मरत चालल्यात. पाय धड आहेत, निरोप अडतो. ठेका कानावर पडला, तर निरोप कधी कधी दुसऱ्या वाटेनं पोचतो. वनानं मान डोलावली होती. घरी येईपर्यंत सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

राग तर असा, की जावेच्या झिंज्या धराव्यात. पण तो तोंडावर येईना. चेहऱ्यालाही निरोप लागतोच की. सुलक्षणानं वळून पाहिलं, तर मंदाबाईचं तोंड अगदी कोरं.

"देखा, काही वाटत नई इले," ती म्हणाली. "नाचाले पाय चालतस, पानी भराले नई चालतस. बठ्ठं नाटक शे, सगळं ढोंग."

मंदाबाई ओरडली, पण आवाज घशातच राहिला. हल्ली तोही असाच करायचा. मग ती नाचत नाचत पुनापर्यंत गेली आणि थरथरता हात तिनं ढोलाच्या चामड्यावर दाबून धरला. पुना गोंधळला. ढोल थांबला. डोक्यावर कानबाई घेतलेल्या बायकाही थांबल्या.

मंदाबाई जावेकडे वळायला गेली. कंबर वळली, पाय वळले नाहीत. टाचा उचलल्या, बोटं तिथंच. एका पावलासाठी तिनं सगळा जीव लावला, कपाळावर घाम डवरला, पण पाऊल काही सुटेना. आता कोणी हसत नव्हतं.

वना तिला धरायला पुढे झाला.

"हात नका लावू," ती म्हणाली. एवढी सामसूम झाली होती, की तिचा बारीक आवाजही शेवटच्या बाईपर्यंत गेला. "बठ्ठासले देखू द्या. तुम्हीबी देखा. आनि पुना, मी सांगस नई तवलोंग वाजाडू नको."