ऐकू येणारं पुस्तक

भोंगा जिना चढून वर आला, तेव्हा सगळे एकदम उठून उभे राहिले.

"बसा, बसा. मेलेलो नाही अजून," तो म्हणाला. फार मोठ्यानं म्हणाला. स्वतःचा आवाज त्याला आता मापता येत नव्हता.

पुस्तकाच्या दुकानावरच्या त्या खोलीत रविवारी सकाळी रॉक आणि पॉपची वेडी माणसं जमायची. गाण्यांवरची, बँडवरची पुस्तकं वाचायची आणि हौसेनं एकमेकांच्या गळ्यात मारायची. भोंगा त्यातला सगळ्यात जुना. जन्मभर त्यानं कार्यक्रमांत साउंडचं काम केलं, म्हणून हे नाव. मोठमोठ्या स्पीकरांनी कान आधीच अधू केले होते. उन्हाळ्यात ताप आला आणि उरलंसुरलं घेऊन गेला.

त्याच्यामागून त्याची बायको आली. या खोलीत ती पहिल्यांदाच येत होती.

"ह्यांना ओठांवरचं थोडंफार कळतं," ती म्हणाली. "सावकाश बोला. नाहीतर फोनवर लिहून दाखवा."

भोंगा खुर्चीत बसला. "मला एक पुस्तक सांगा. कोणाचं कोणाशी फाटलं, ते नको. वाजलेलं ऐकू येईल, असं सांगा."

"ड्रमरचं आत्मचरित्र," दातांचा डॉक्टर लगेच म्हणाला. "वाचता वाचता पाय हलायला लागतो."

"अर्धं पुस्तक दारूवर आहे ते!" पोस्टातल्या बाई उसळल्या. "त्यापेक्षा त्या गायिकेचं द्या."

"ती कुठे गाते त्यात? नुसती रडते."

झालं, जुंपली. नेहमीसारखीच रंगली. भोंगा या तोंडाकडून त्या तोंडाकडे बघत राहिला.

"अहो, त्यांच्याकडे बघून बोला ना," बायको म्हणाली.

सगळ्यांनी खुर्च्या त्याच्याकडे वळवल्या.

गिटार शिकवणारा मास्तर अजून काही बोलला नव्हता. भोंग्याचा तो शाळेपासूनचा मित्र. त्यानं कपाटातून पाठ निघालेलं एक पुस्तक काढलं आणि फोनवर लिहिलं : हे तूच मला दिलं होतंस.

"दिलं कसलं? ढापलंस तू," भोंगा हसला.

मास्तरनं नेमकं पान उघडून दिलं. रिकाम्या स्टुडिओत एक गिटारवाला एकच सूर लावतो, त्याचं अख्खं पानभर वर्णन. हे वाचलं की टेप लावायची गरज नाही, असं भोंगा ज्याला त्याला सांगत फिरायचा.

तो वाचू लागला. बाकीच्यांनी श्वास रोखले, जणू त्याला शांतता लागणार होती. बोट ओळीओळीनं खाली गेलं. पुन्हा वर आलं. पुन्हा खाली गेलं.

"छान लिहिलंय," तो म्हणाला. "तार छेडली, असं लिहिलंय. सूर खोलीभर पसरला, असं लिहिलंय."

"आणि?" मास्तरनं ओठ नीट हलवून विचारलं.

"आणि काही नाही रे. अक्षरं आहेत."

त्यानं पुस्तक मिटलं. "मला वाटलं होतं, कान गेले तरी डोक्यातलं कुठं जातंय? पण तेही चाललंय. आधी बेस गिटार गेली. मग ड्रम. परवा तुझा आवाज आठवत बसलो होतो. नाही आठवला."

मास्तरनं फोनवर काहीतरी लिहिलं. खोडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. मग फोन उलटा करून मांडीवर ठेवला.

"ठेव हे," भोंगा पुस्तक त्याच्या हातात देत म्हणाला. "कोणीतरी नवीन येईल, त्याला दे."

भोंगा आणि बायको खाली निघाले. दुकानात मालकानं गाणं लावलं होतं, भोंगा घरी सतत लावायचा तेच, आणि त्यात आता एकटी गिटार वाजत होती. बायको जिन्यात मध्येच थांबली. बंद करा ते किंचाळणं, असं ती या गाण्याला जन्मभर म्हणत आली होती. आता पुढचं प्रत्येक वळण तिला आधीच कळत होतं. तिनं कठडा घट्ट धरला.

दारापाशी पोचलेला भोंगा मागे वळला. "का गं, थांबलीस का?"

गिऱ्हाइकं माना वर करून बघू लागली.

तिनं गुडघ्याला हात लावला. "दुखतोय," ती म्हणाली.

तो परत चार पायऱ्या चढून वर आला. तिचा हात धरला आणि त्या गाण्यातून तिला सांभाळून बाहेर घेऊन गेला.