औषधाचा गुण

स्मृतिभ्रंशावरच्या औषधांचा अभ्यास करता करता ती पार थकून गेली होती, आणि घरी आलं तरी सुटका नव्हती. "तुझी आई कुठे गेली गं?" बाबा रोज विचारायचे. आईला जाऊन वर्ष झालं होतं. खरं सांगितलं की ते नव्याने हंबरडा फोडायचे आणि दुसऱ्या दिवशी सगळं विसरून जायचे. म्हणून हल्ली ती काहीतरी थाप मारून मोकळी व्हायची. नवं औषध सुरू करूनही फरक म्हणून दिसत नव्हता.

आजही चपला काढता काढता ती म्हणाली, "बाजारात गेलीय बाबा, येईलच."

बाबांनी तिचा हात धरला.



"काल तर मावशीकडे गेलीय म्हणालीस. खरं सांग बाळा, कुठे आहे ती?"