दाराजवळची खुर्ची

सभागृहात एक हजार नऊ खुर्च्या होत्या. वीस वर्षं त्या मांडणाऱ्या नाना शिपायाला त्यांचा हेकटपणा तोंडपाठ होता. छत्तीस-छत्तीसच्या अठ्ठावीस रांगा लावल्या, की एक खुर्ची उरायचीच. ती दाराजवळ ठेवून तो तिच्यावर बसायचा.

"मूळ संख्या आहे ती, कितीही रांगा कर, सारख्या होणार नाहीत," गणित शिकवणारी त्याची ताई म्हणायची. "शिल्लक नकोच असेल, तर सगळ्यांची मिळून एकच रांग लाव!"

यावर दोघं पोट धरून हसायची.

आज सकाळी नानाने दार उघडलं, तर दाराजवळ खुर्ची नव्हती. आता चोरीचा आळ आपल्यावरच येणार, या धास्तीने तो मान खाली घालून, एकेका पाठीला हात लावत पहिली रांग मोजू लागला.

छत्तीस झाल्या. पुढे सदतिसावी होती.

शंभर झाल्या, तरी भिंत येईना.

"नाना, अरे आहेस कुठे?" दारातून ताईने हाक मारली, पण ती दूरच्या गल्लीतून आल्यासारखी वाटली. वळलो तर मोजणी चुकेल, म्हणून तो वळला नाही.

"पाचशे चार," म्हणत तो दम खायला थांबला.

दुसऱ्या टोकाकडून मोजत आलेलं कुणीतरी पुढच्या खुर्चीवर हात ठेवून त्याच्याच आवाजात म्हणालं, "पाचशे पाच."