सतरंजीवरची जागा

ग्रामसभा सुरू व्हायच्या आधीच शिपायाने माझ्यासाठी खुर्ची आणली, तीही सरपंचांच्या शेजारी.

"नको हो, मी इथलीच आहे," मी म्हणाले. त्याने हसून रुमालाने खुर्ची पुसली.

विकसनशील देशांचा कायदा आणि कारभार शिकायला मी थेट परदेशात गेले होते. तिथे प्राध्यापकांनी विचारलं, "तुमच्या सभेत बायका कुठे बसतात?" मी तावातावाने सांगितलं, "मागे, खाली सतरंजीवर." प्रबंधाचं ते पहिलंच वाक्य झालं. पण तिथल्या थंड खोलीत ते टाइप करताना मला त्याच सतरंजीची आठवण यायची. आई आणि हौसाकाकूच्या मध्ये चेपून बसायचं, काकूच्या पदराला मिसरीचा वास, आणि सभा संपेपर्यंत दोघींची कुजबुज. आई गेल्यापासून तर जास्तच.

मी खुर्ची सोडून मागे गेले, चप्पल काढली आणि काकूजवळ खाली बसले.

"अगं, इथं कुठं बसतेस? कापडं मळतील," म्हणत काकू सरकली. तिला पाहून बाकीच्याही सरकल्या.

सगळ्यांनी मला ऐसपैस जागा करून दिली. खांदा टेकायला मात्र कुणीच जवळ उरलं नाही.