ढब्बूचं वजन

"वाढलं! परत वाढलं!" मुलीने टाळ्या वाजवल्या.

डॉक्टरीणबाईंच्या काट्यावर ढब्बू अंग चोरून बसला होता. तपकिरी-पांढरा गिनीपिग, कपाळावर केसांचा भोवरा. टाळ्या ऐकल्या की एरवी तो शीळ घालायचा, कारण घरी टाळ्यांपाठोपाठ काकडी यायची. आज त्याने नुसतं नाक हलवलं.

"काकू, आम्ही दर रविवारी वजन करतो," मुलगी सांगत होती. "आधी माझं, मग याचं. माझं काही वाढत नाही. बाबा म्हणतात, घरात एकाच्या तरी अंगाला लागतंय."

"आणि आई काय म्हणते?"

"शीक काहीतरी त्याच्याकडून!"

आई हसली. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत, तशी तीही थांबली.

त्यांनी ढब्बूच्या पोटाखाली हात घातला. मागच्या पायाजवळची गाठ बोटांनी चाचपली. कितीतरी दिवस आईला ती मांडीच वाटत होती. चांगली भरलेली मांडी. काल पिंजऱ्यातलं गवत बदलताना हाताला वेगळीच लागली, कडक आणि गरम, तेव्हा कुठे ती घाबरली.

"इथे हात ठेवा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

आईने ढब्बूच्या पाठीवर हात ठेवला. दाट केसांखाली मणके एकेक करून बोटांना लागले.

"केसांमुळे वरून कळत नाही."

"पण वजन तर..."

"वजन गाठीचं वाढतंय. हा उतरतोय."

बोलणं हळू चाललं होतं, पण खोली लहान होती. मुलगी पिंजऱ्याच्या दाराची कडी काढत होती, घालत होती.

"काढता येईल ना?"

"येईल. पण भूल सोसायला अंगात काही हवं. आत्ता घेतला तर उठेल असं मला नाही सांगता येणार. आठवडाभर भरवा. गाठ सोडून वाढला, तर करू."

"आणि नाही वाढला तर?"

डॉक्टरीणबाईंनी ढब्बूच्या भोवऱ्यावरून अंगठा फिरवला. "मग घरीच असू दे. तुमच्याजवळ."

"गाठ सोडून कसं मोजायचं?" मुलीने विचारलं.

त्यांनी ढब्बूला पुन्हा काट्यावर ठेवलं, तळहातावर गाठ अलगद तोलून धरली. काट्यावरचा आकडा भराभर उतरला.

"असं. हे याचं."

घरी गेल्या गेल्या आईने स्वयंपाकघरातल्या काट्यावर तसंच केलं, आणि सुई थांबली तिथे काचेवर चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावला. सुई याच्या पुढे गेली पाहिजे.

आठवडाभर ती भिजवलेला खाऊ पिचकारीत भरून त्याच्या गालात सोडत राहिली. तो थोडा गिळायचा, बाकीचा तिच्या ओढणीवर. मुलगी ताट घेऊन त्याच्यासमोर फरशीवर बसायची. कुणी मागे न लागता सगळं संपवायची. "बघ, असं चावायचं," त्याला सांगायची. "शीक काहीतरी माझ्याकडून."

आई तेव्हा पाठ फिरवून ओट्यावरची भांडी इकडची तिकडे करायची.

रविवारी मुलगी म्हणाली, "माझं नको आज. याचंच."

आईने ओट्यावर काटा ठेवला, ताटलीत फडकं घातलं आणि त्यावर ढब्बूला बसवलं. सुई हलली, चिकटपट्टी ओलांडून बरीच पुढे गेली. बाबा दाढीचा फेस तसाच ठेवून डोकावले. "अरे वा, गडी पुढे सरकला की!"

मुलीचे हात टाळीसाठी वर आले होते. ते तसेच राहिले.

"थांबा जरा," आई म्हणाली. तिने गाठीखाली हात घातला आणि ती तोलून धरली. तिच्या तळहातात ती जड, ऊबदार होती. एखादं दुसरंच जनावर तिथे निजलंय असं वाटावं.

सुई मागे आली. चिकटपट्टीपाशी आली. तिथे थांबली नाही.

"हात वर ओढला जात असेल तुझा," बाबा म्हणाले. "नीट धर."

"नीटच धरलाय."

"पुन्हा बघ ना."

तिने पुन्हा बघितलं. सुई पुन्हा चिकटपट्टीच्या अलीकडेच थांबली. बाबांनी टॉवेलने अर्ध्याच गालावरचा फेस पुसला आणि ते तिथेच उभे राहिले.

ढब्बू मान वर करून मुलीच्या हातांकडे बघत होता.

"आई," मुलगी म्हणाली, "हात काढ ना तुझा."

"अगं, पण ते खरं..."

"माहितीये मला. काढ ना. तो वाट बघतोय."

आईने हात काढला. सुई झरकन पुढे गेली.

मुलीने टाळ्या वाजवल्या. हळू, पण दर रविवारी वाजवायची तितक्याच. ढब्बूने एक बारीक शीळ घातली, आणि आई काकडी काढायला वळली.