फरैज पाणी पीत नाही

जीप दारात उभी होती, तरी फरैज म्हणाला, "आपण चालत जाऊ."

"डोकं फिरलंय का तुझं?" सुवैलिम ओरडला. "घळीतून अख्खा दिवस जाईल. आणि संध्याकाळी तुला तापलेली पळी चाटायचीय!"

"म्हणूनच," असं म्हणून फरैज निघालासुद्धा.

आता काय म्हणावं या माणसाला! शेख जुमैआची शर्यतीची पांढरी उंटीण महिन्यापूर्वी वादळात चोरीला गेली. वाऱ्याने माग पुसून टाकले. त्या दिवशी दरीत दोनच पुरुष होते, फरैज आणि सुवैलिम. शेखने आधी फरैजचं नाव घेतलं, कारण उंटांशी त्याच्याइतकं कुणाचं जमत नाही. चोरी शाबित झाली तर चौपट उंट भरायचे आणि जन्मभर मान खाली घालून फिरायचं.

निवाडा पळीचा होता. न्याय करणाऱ्या हाज्ज नसारची कॉफी भाजायची लोखंडी पळी निखाऱ्यात लाल करायची आणि तीनदा चाटायची. खोट्याची जीभ भीतीने कोरडी पडते आणि भाजते. खऱ्याची ओली राहते, तिला काही होत नाही. सुवैलिमचा यावर लहानपणापासून विश्वास. फरैज चोर नाही हे तर त्याला पक्कं ठाऊक होतं. मग घाबरायचं कशाला?

पण हा बाबा पाणीच पीत नव्हता.

दुपारपर्यंत लाल कातळ तव्यासारखे तापले. घळ इतकी निमुळती झाली की दोन्ही खांदे घासत होते. एका दरडीवरून उतरताना सुवैलिमचा पाय सटकला.

"नव्या चपला वाटतं?" फरैजने हात दिला. "जुन्यांना काय झालं? निळ्या दोरीने मीच शिवून दिल्या होत्या."

"तुटल्या. फेकून दिल्या."

"तरी म्हटलं, माझ्या शिलाईला नावं ठेवतोस की काय!"

बाभळीखाली बसून दोघांनी राखेतली भाकर खाल्ली. फरैजने वाळवलेलं खारट चीज पण चघळलं, एक नाही, तीन गोळे. सुवैलिमने बाटली पुढे केली. त्याने मान हलवली.

"तुझी सलमा कशी आहे?" त्यानेच विचारलं.

"मजेत. कैरोहून आणल्यापासून पळत सुटते. कुणी म्हणणार नाही छातीची शस्त्रक्रिया झालीय."

"काल माझ्या शेळ्यांना पळवून पळवून बेजार केलंन्," फरैज हसला. "वर मलाच म्हणते, काका, तुमच्या शेळ्या आळशी आहेत."

"अरे, ते राहू दे, घोटभर पी! जीभ कोरडी राहिली तर निर्दोष माणूसही भाजून निघेल."

"आणि नाही भाजली तर? उद्या शेख तुला आणेल, सलमाच्या बापा."

सुवैलिम हसायला गेला, पण नीट जमलं नाही. फरैज उठून चालू लागला होता.

सुवैलिमला काही उमगेना. नवस बोललाय का हा? शेखवरचा राग स्वतःवर काढतोय? पुढच्या कुंडात गार पाणी लागलं, तेव्हा त्याने फरैजला अक्षरशः धरून बसवलं. फरैजने ओंजळ तोंडाला लावली, मिशा ओल्या केल्या. गळ्याची घाटी मात्र हललीच नाही. सुवैलिमला रडू यायचं बाकी राहिलं. एका ताटात जेवून वाढलेला हा माणूस आज त्याला परका वाटत होता.

ऊन कलताना ते हाज्ज नसारकडे पोचले. शेख आणि त्याची माणसं जीपने येऊन केव्हाची बसली होती. हाज्ज नसारने सर्वांसमोर फरैजची जीभ पाहिली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"पोरा, आधी पाणी पी."

"नको, हाज्ज. उरकून टाका."

पहिल्यांदा चाटलं. दुसऱ्यांदा चाटलं. तिसऱ्यांदा फरैजने जीभ पळीवर टेकवली ती टेकवूनच ठेवली. सुवैलिम किंचाळत पुढे धावला. शेखच्या दोन माणसांनी त्याला धरून मागे ओढलं.

फरैजची चूळ भरून झाली. कॉफी उकळेपर्यंत सगळे थांबले. मग हाज्जने पुन्हा जीभ पाहिली. तिच्यावर मोठे फोड आले होते.

"चोर हाच," तो म्हणाला. "निवाडा झाला. आता दुसऱ्या कुणाला इथे आणायचं नाही."

शेखने मान डोलावली. माणसं उठून पांगली.

सुवैलिमने फरैजचे दोन्ही खांदे धरून गदागदा हलवले. "का रे? का केलंस असं? एक घोट प्यायला असतास तर सुटला असतास!" तो लहान मुलासारखा रडत होता.

फरैजला बोलता येत नव्हतं. त्याने खिशातून काहीतरी काढलं, सुवैलिमच्या तळहातावर ठेवलं आणि कुणी पाहायच्या आत त्याची मूठ मिटवली.

बऱ्याच वेळाने सुवैलिमने मूठ उघडली. चपलेचा तुटका पट्टा होता तो, निळ्या दोरीने शिवलेला. दोरीत उंटिणीचे पांढरे केस अडकले होते.