डायनामोला ओलं बोट

"आई, अल्टरनेटर एकशे चारवर गेलाय!" कुंभार्ली घाट चढताच लेकाने गाडी थांबवून बॉनेट उघडलं. बॅटरी चार्ज करणाऱ्या त्या अल्टरनेटरला त्याने उष्णता मोजणारा सेन्सर चिकटवलाय. त्याचा आकडा मोबाइलवर दिसतो आणि शंभराच्या वर गेला की ह्याला घाम फुटतो. इकडे कराडला नातीच्या साखरपुड्याचा मुहूर्त दीड तासावर आलेला.

आमच्या वेळी जीपला डायनामो असायचा. हे त्याला ओलं बोट लावून बघायचे. चुर्र वाजलं तर चहा, नाही वाजलं तर गिअर.

अर्धा तास गेला. आकडा एकशे चारच. शेवटी मीच बोट ओलं करून लावलं. जेमतेम कोमट!

"अरे, तुझा सेन्सर बिघडलाय."

"परदेशी आहे तो, आई. चुकत नाही."

मी वैतागून सेन्सर उपटला आणि मुठीत घट्ट धरला. "आता सांग, किती?"

त्याने आधी मोबाइलकडे पाहिलं, मग माझ्याकडे. चेहरा पांढराफटक.

"एकशे चार! अगं, एवढा ताप अंगात घेऊन निघालीस? साखरपुडा राहू दे, आधी दवाखाना!"

आणि त्याने गाडी चिपळूणकडे वळवली.